शिडीवरचे जावईबापू

त्या खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या घरांनी दरीकडे पाठ केलेली आहे. बाहेरून येणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. समोर एवढी हिरवीगार दरी, खाली नदी, पलीकडे तसाच दुसरा डोंगर, आणि या लोकांनी तिकडे एक झरोकासुद्धा ठेवू नये? पण बाहेरून येणारा येतो उन्हाळ्यात. हिवाळ्यात दरीतून वर चढणारा वारा त्याच्या हाडांत शिरलेला नसतो. घरं बांधणाऱ्यांच्या तो शिरला होता. म्हणून जाड दगडी भिंती, वर दगडी पाट्यांचं छप्पर, तळाला मेंढ्या, मेंढ्यांवर माणसं, माणसांवर गवताचा माळा आणि दरीकडच्या आंधळ्या भिंतीला चूल. वाऱ्याने भिंत गार करायची आणि चुलीने ती तापवायची, हे भांडण पिढ्यान्पिढ्या चाललेलं. मधल्या मध्ये स्वयंपाक करणारी बाई मात्र भर दुपारी दिवा लावून कांदा चिरणार.

सध्या ती बाई म्हणजे धाकटी. धाकटी म्हणायचं ते थोरली होती म्हणून. नाहीतर धाकटीचेही गुडघे आता बोलायला लागले होते. घर तिच्या वडिलांचं. थोरली लग्न होऊन समोरच्या डोंगरावर गेली. डोळ्यांना ते अंतर काहीच नाही, पण पायांना विचारा. हा डोंगर उतरायचा, पूल ओलांडायचा आणि दुसरा डोंगर चढायचा. धाकटीने मात्र घरजावई आणला, खालच्या सपाट मुलखातला. त्याचे केस पांढरे झाले, सासरेबुवा जाऊन जमाना झाला, तरी खोऱ्याच्या लेखी तो जावईबापूच राहिला. त्याची वागणूकही तशीच. काम सांगितलं की "बघू", पुन्हा सांगितलं की "उद्या".

चुलीशेजारच्या भिंतीत एक खिडकी पाडून द्या, हे काम या "उद्या"मध्ये किती वर्षं पडून होतं ते विचारू नका. धाकटीनेही फार ताणलं नव्हतं. अंधाराची सवय होते. पण गेल्या हिवाळ्यात थोरलीचे कान पार गेले आणि गोष्ट बदलली.

फोनचा उपयोग संपला. धाकटी इकडून "अगं मी बोलतेय" म्हणून घसा फोडायची आणि थोरली तिकडून "मेंढ्या विकायच्या नाहीत" असं ठणकावून फोन ठेवून द्यायची. कोणाचाही फोन आला तरी तिचं उत्तर ठरलेलं. देवाने तिचे कान नेले आणि गुडघे ठेवले. धाकटीच्या बाबतीत त्याने बरोबर उलटं केलं. त्यामुळे थोरलीच अधूनमधून दरी ओलांडून यायची, चुलीपाशी बसायची आणि छपराच्या पाट्या हलतील एवढ्या आवाजात बोलायची. बर्फ वितळायच्या सुमाराला ती अशीच आली होती. धाकटीचं डोकं दुखत होतं. ती थोरलीच्या तोंडासमोर हात नाचवत म्हणाली, "ओरडू नकोस गं, बहिरी तू आहेस, मी नाही."

ओठ वाचायला थोरली शिकली होती, हे धाकटीला ठाऊक नव्हतं. थोरलीने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली.

त्या रात्री धाकटीला झोप लागली नाही. सकाळी तिने जावईबापूंसमोर छिन्नी आणि हातोडा आणून ठेवला. "मला तिच्या धुराड्यातून धूर निघतो की नाही एवढं तरी रोज बघू द्या," ती म्हणाली. "आज खिडकी पाडली नाहीत तर स्वयंपाक बंद."

स्वयंपाकाचं नाव काढल्यावर जावईबापू हलले. त्यांनी घराला वळसा घालून दरीकडच्या भिंतीला शिडी लावली. वर चढले. एका हाताने हातोडा उगारला, दुसरा हात कमरेवर ठेवला, आणि घाव नेमका कुठे घालावा याचा विचार करत राहिले. विचार करायला त्यांना नेहमीच वेळ लागत असे.

नेमका त्याच वेळी समोरच्या डोंगरावरून वारसा खात्याने खोऱ्याचा फोटो काढला.

काही दिवसांनी खात्याचे साहेब घरी आले. हसतमुख, सभ्य माणूस. चहाला नाही म्हणाले नाहीत. या खोऱ्यातली घरं आता संरक्षित झाल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणजे दरीपलीकडून जे दृश्य दिसतं ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे. त्यांनी फोटो टेबलावर पसरला. धाकटीचं घर बरोबर मधोमध होतं आणि भिंतीवर शिडी, शिडीवर जावईबापू, एक हात वर, एक हात कमरेवर.

"फार छान आलाय," जावईबापू म्हणाले.

"म्हणजे आता खिडकी पाडता येणार नाही?" धाकटीने विचारलं.

"खिडकी फोटोत नाही," साहेब म्हणाले. "पण हे आहेत."

"हे तर घरातलेच आहेत."

"घरातले आहेत हे मान्य. पण दृश्यात ते शिडीवर आहेत." साहेबांनी फोटोवर पेनने हलकेच टिचकी मारली. "लोक लांबून येतात. फोटोत माणूस आणि समोर नुसती भिंत, असं झालं तर ती फसवणूक होईल. तुम्हीच सांगा, होईल की नाही?"

जावईबापूंना वेगळीच काळजी. "टोपी हीच ठेवायची का?" त्यांनी विचारलं.

अशा रीतीने ज्या माणसाने जन्मात एक काम वेळेवर केलं नव्हतं, तो रोज सकाळी न सांगता शिडीवर जाऊन उभा राहू लागला. खात्याने बिल्ला दिला. हात अवघडू नये म्हणून मनगटाखाली भिंतीत एक खुंटी ठोकून दिली. ती बाहीआड लपत असल्यामुळे नियमात बसत होती. पावसाच्या दिवशी सुट्टी, आणि आठवड्याची एक सुट्टी. मेंढ्यांना चारापाणी, गवत कापणं, लोकर काढणं, सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं. "मी ड्यूटीवर आहे," जावईबापू वरून सांगायचे, आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

थोरलीच्या खळ्यात, म्हणजे जिथे पूर्वी धान्य मळायचे त्या मोकळ्या जागेत, खात्याने दुर्बीण बसवली. पाहुणे तिथे रांग लावायचे, दुर्बिणीतून जावईबापूंची पाठ बघायचे आणि समाधानाने परत जायचे. त्यांनी अलीकडे येऊन दृश्य बिघडवू नये म्हणून पुलावर एक राखणदारही बसवला.

आणि थोरली आलीच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता सफरचंदं धरली, पिकली, उतरवली. शेवटी धाकटीने जावईबापूंना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी समोरच्या डोंगरावर पाठवलं. "पाया पडा," तिने बजावलं. "माझं चुकलं म्हणून सांगा. तोंड नीट हलवून सांगा."

जावईबापू पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "मला बघून आत पळाली आणि दार लावून घेतलं. आतून ओरडली, मागे फिरा, मागे फिरा. शेजारचा मेंढपाळ तर मला बघून मेंढ्या सोडून पळाला."

"एवढा राग?" धाकटी म्हणाली. तिला रडूच फुटलं. लहानपणापासून एका ताटात जेवलेली बहीण, आणि एका शब्दाने तुटली. गेल्या महिन्यात पुलावरून वर कुरणात आलेल्या राखणदाराचं बोलणं आता तिला टोचलं. तो म्हणाला होता, "तुमच्या खोऱ्यातली माणसं फार प्रेमळ हो काकू. रोज कोणी ना कोणी पुलावर खायला ठेवून जातं." राखणदार आला तेव्हा काडी होता, आता त्याच्या कोटाची बटणं लागत नव्हती. परक्या माणसाला प्रेम मिळतंय आणि सख्ख्या बहिणीला दार बंद, धाकटीच्या मनात आलं, आणि त्याच मनात खिडकीने पुन्हा डोकं वर काढलं. निदान धूर तरी दिसू दे. जगलीवाचलीय एवढं तरी कळू दे.

ती फोटो घेऊन दिव्यापाशी बसली. बराच वेळ तिने नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. मग सावकाश म्हणाली, "अहो, तुमच्या मागे काय आहे ते फोटोत दिसत नाही."

"मागे म्हणजे पुढे," जावईबापू म्हणाले. "माझं तोंड भिंतीकडे असतं."

"तेच. तुमच्या पुढची भिंत तुमच्या आड आहे. तिथे भिंत असली काय, नसली काय, कोणाला कळणार?"

जावईबापूंनी विचार केला. या वेळी फार वेळ लागला नाही, कारण काम त्यांना करायचं नव्हतं. "तेवढीच खिडकी पाडायची, जेवढा मी आहे," ते म्हणाले, आणि पोट किंचित फुगवून त्यांनी बायकोला चार बोटं जास्त मिळवून दिली. संसारात त्यांनी केलेल्या मोजक्या उपकारांपैकी हा एक.

दुसऱ्या दिवशी जावईबापू बाहेरून शिडीवर उभे राहिले आणि धाकटीने आतून पहारीने दगड सैल करायला सुरुवात केली. जुनी भिंत म्हणजे नुसता हट्ट. पण धाकटी त्याच घरातली होती. एक दगड निघाला, दुसरा निघाला, आणि तिसऱ्याच्या जागी जावईबापूंचा बिल्ला दिसला. मग हनुवटी. मग सगळा चेहरा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्या जवळून आणि एवढ्या उजेडात ते एकमेकांसमोर कधी आले होते कोण जाणे.

जावईबापूंनी मान जरा पुढे काढून आत बघितलं. काळवंडलेलं छत, भर दिवसा जळणारा दिवा, विळी, तिचं बसायचं स्टूल. "किती अंधार आहे गं इथे," ते म्हणाले. "तू सांगितलं नाहीस कधी."

धाकटीच्या हातात पहार होती, तरी तिने ती दगडांवरच चालवली. उरलेले दगड निघाले.

खिडकी झाली, पण खिडकीत दरी नव्हती. खिडकीत नवरा होता. काठोकाठ. त्याच्या कानाशेजारून उजेडाची एक फट येत होती आणि त्या फटीतून आभाळाचा बोटभर तुकडा दिसत होता, बस. धाकटी हताश होऊन दोन पावलं मागे सरकली आणि स्टुलावर बसली. तिने पुन्हा वर बघितलं.

आता आतून बघताना उजेड त्यांच्या पाठीमागे होता. चेहरा दिसत नव्हता, बिल्ला दिसत नव्हता. उजेडाच्या कडेत नुसती एक काळी आकृती. एक हात वर. एक हात कमरेवर.

धाकटी ताडकन उठून उभी राहिली.

फोन येण्याआधी त्या खोऱ्यात लोक हातांनी बोलत. हाक वारा खाऊन टाकतो, पण डोंगरावर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात पलीकडून दिसतात. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे मेंढी हरवली. दोन्ही हात पसरले म्हणजे या, आणि ज्याला बोलावलं त्याने हातातलं काम टाकून जायचंच, असा रिवाज. आणि एक हात वर, एक हात कमरेवर, याचा अर्थ एकच होता. ती लहान असताना वडील टेकाडावर असे उभे राहिलेले तिने पाहिले होते. घरात आजीला साथीचा ताप होता तेव्हा. घरात रोग आहे, कोणीही येऊ नका. ही खूण दिसली की पलीकडची माणसं अन्न शिजवून पुलावर ठेवून जात आणि मागे फिरत.

फोन आल्यावर सगळे हे विसरले. धाकटीसुद्धा. जावईबापू तर सपाट मुलखातले, त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. पण कान गेल्यावर थोरली पुन्हा हात बघायला लागली असणार, दुसरं काय करेल बिचारी. आणि आपला नवरा बिल्ला लावून, खुंटीला हात टेकवून, उन्हाळाभर, सरकारमान्य रीतीने, तिला सांगत होता: येऊ नकोस.

"अहो, हात खाली घ्या," धाकटी ओरडली.

"ड्यूटीवर आहे," जावईबापू म्हणाले. "साहेब आज दुर्बिणीपाशीच आहेत."

"तुम्ही रोगराई सांगताय सगळ्या खोऱ्याला."

"मी काही बोलतच नाहीये," जावईबापू दुखावून म्हणाले.

त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. धाकटी स्टुलावर चढली. गुडघ्याने नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. नवऱ्याच्या पोटाला पोट लावून तिने त्याच्या दोन्ही काखांखालून आपले हात बाहेर काढले आणि जेवढे पसरता येतील तेवढे पसरले. थंड वारा तिच्या तळव्यांना लागला. त्या भिंतीपलीकडचा वारा तिला असा पहिल्यांदाच लागत होता.

"हे काय?" जावईबापू पुटपुटले.

"दोनाचे चार हात झाले होते ना आपले, ते आज कामाला येतायत. गप्प उभे राहा."

समोरच्या डोंगरावर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. तिचं नाक नवऱ्याच्या कोटात होतं. जावईबापूंनी मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून सांगायला सुरुवात केली. खळ्यातले पाहुणे गोळा झालेत. सगळे बोट दाखवतायत. साहेब दुर्बिणीला डोळा लावून वाकलेत. आता कोणीतरी साहेबांना बाजूला ढकललं.

"कोणी?"

"काळा रुमाल. बुटकी आहे."

धाकटीने हात आणखी ताणून पसरले.

"ती उतरतेय," जावईबापू म्हणाले. "अगं, ही बाई या वयात पळत उतरतेय."

थोरली स्वयंपाकघरात आली तेव्हा तिला दम लागला होता. तिने आधी धाकटीच्या कपाळाला हात लावला, मग जीभ काढायला लावून बघितली. मग खिडकीतल्या जावईबापूंकडे बघितलं, जे ड्यूटी संपेपर्यंत हलायला तयार नव्हते.

"मेलं कोणी नाही ना?" तिने छप्पर हादरेल अशा आवाजात विचारलं.

धाकटीने नाही म्हणून मान हलवली.

"मग हा माणूस सगळा उन्हाळा काय सांगत होता? मी रोज पुलावर पातेलं ठेवत होते. रिकामं परत मिळायचं, म्हणून वाटायचं जिवंत आहात. म्हटलं, एवढा चिवट रोग कुठला. सरकारनेही बंदोबस्त केलेला. पुलावर पहारा, लोक येतात ते लांबून दुर्बिणीने बघतात, जवळ कोणी जात नाही. मी काय समजायचं?"

धाकटी तिच्या समोर बसली. तोंड नीट हलवत, सावकाश म्हणाली, "मला वाटलं तू रागावलीस. त्या दिवशी मी तुला बहिरी म्हटलं."

"बहिरी तर आहेच मी," थोरली म्हणाली. "मी रागावले होते ते चहात साखर नव्हती म्हणून." आणि तिने धाकटीला जवळ ओढलं. दोघी रडल्या, एक आवाजाने आणि एक बिनआवाजाने.

साहेब थोड्या वेळाने धापा टाकत पोहोचले. चार हातांबद्दल त्यांना फार वाईट वाटलं होतं. "मूळ फोटोत दोनच आहेत," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. ती खिडकी बुजवावी लागेल असंही म्हणाले. पण त्या दिवशीच्या पाहुण्यांनी चार हातांचे फोटो गावोगाव पाठवले होते. दुसऱ्या दिवशी खळ्यातली रांग पार झऱ्यापर्यंत गेली, आणि जो तो विचारत होता, चार हातांचा माणूस कुठे आहे. दोन हातांचा बघून लोक फसवल्यासारखे परत जाऊ लागले. फसवणूक तर साहेबांना मुळीच खपत नसे. खात्याने नवा फोटो काढला.

आता धाकटीलाही बिल्ला आहे. रोज सकाळी ती स्टुलावर चढते, नवऱ्याच्या काखांखालून हात काढते आणि पसरते. खिडकी संरक्षित आहे. तिला कोणी हात लावू शकत नाही. आणि रिवाज तो रिवाज. पसरलेले हात दिसले की थोरलीला हातातलं काम टाकून निघावंच लागतं. ती रोज येते, रोज कुरकुरते, "काय तुझं हे सारखं बोलावणं, माणसाला दुसरी कामं नसतात का," आणि मेंढ्यांना चारा घालून चुलीपाशी बसते. राखणदार मात्र पुन्हा काडी झाला आहे.

संध्याकाळी ड्यूटी संपते. जावईबापू शिडी उतरतात आणि खिडकीत एकदम दरी येते, सगळी. थोरली घरी निघालेली असते. धाकटी दिवा न लावता खिडकीत उभी राहते. पूल ओलांडणारा ठिपका, मग चढावरचा ठिपका, मग खळ्यात पोहोचलेला. तिथे थोरली वळते. सुखरूप पोहोचले याची खूण डोक्यावर एक हात ठेवून करायची असते, पण ती कधीच ती खूण करत नाही. ती एक हात वर उगारते, दुसरा कमरेवर ठेवते, पोट पुढे काढते आणि हुबेहूब जावईबापूंसारखी उभी राहते.

धाकटी रोज हसते. पण कमरेवरचा तो हात खाली येऊन थोरली घरात शिरेपर्यंत ती खिडकीतून हलत नाही.